सरकारी तिजोरी आणि आपला वाटा

(वर्षावासानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेत एका वकील उपासकांनी दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या मनात अशी शंका आली असेल की, वर्षावासात विहारात धम्माची चर्चा व्हावयाची, तेथे सरकारी अंदाजपत्रक, कर आणि त्यांची वाटणी यांचे काय काम? ज्या कुटुंबांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्यांच्या मनात ही शंका येण्याचा संभव अधिक आहे. तिचे उत्तर भगवान बुद्धांच्या उपदेशातच सापडते. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित नावाच्या राजाची कथा आहे. त्याला मोठा यज्ञ करावयाचा होता आणि राज्यात तर लुटालूट माजली होती. त्याच्या पुरोहिताने त्यास सांगितले की, गांजलेल्या प्रजेवर नवा कर बसविणे राजाला शोभत नाही, आणि चोरांना केवळ शिक्षा करून लूटही थांबत नाही. शेती व गोपालन करणारांस बियाणे आणि चारा द्यावा, व्यापार करणारांस भांडवल द्यावे, राजसेवकांस वेतन द्यावे. म्हणजे लोक आपापल्या कामास लागतील आणि राजाचे उत्पन्नही वाढेल. राजाने तसे केले आणि तसेच झाले.

कर कोणावर बसवावा, किती बसवावा आणि आलेला पैसा कोणाच्या पदरात पडावा, हा प्रश्न धम्माने असा मुळातच हाती घेतलेला आहे. तेव्हा या विषयाची चर्चा विहारात होणे यात गैर काही नाही. उलट, ती तेथे होत नाही हीच आपली उणीव आहे.

बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. परंतु त्यांच्या विद्वत्तेचा आरंभ सरकारी जमाखर्चाच्या अभ्यासाने झाला, ही गोष्ट आपल्या घराघरांत माहीत असावयास हवी. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावर होता. तो ग्रंथरूपाने 1925 साली लंडनहून प्रसिद्ध झाला व त्यास प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना लाभली. सरकारचा पैसा कोठून येतो, तो कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारकडे किती जातो आणि मुंबई-मद्रासच्या पदरी किती राहतो, याची चिकित्सा त्यांनी त्यात केली.

त्या इतिहासातील दोन-तीन टप्पे मी आपणापुढे ठेवतो; कारण आजची भांडणे समजण्यास त्यांचा उपयोग होतो. 1833 च्या सनदी कायद्याने प्रांतांचे खर्चाचे अधिकार काढून घेतले गेले. सगळा वसूल वरिष्ठ सरकारचा आणि सगळा खर्च त्याच्या मंजुरीने, अशी व्यवस्था झाली. परिणाम काय झाला? प्रांतांना काटकसर करण्याचे कारणच उरले नाही. जो अधिक ओरडेल त्यास अधिक मिळे, असे त्या काळच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनीच नमूद करून ठेवले आहे. पुढे लॉर्ड मेयो यांनी 1871 पासून तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यक, रस्ते अशी काही खाती प्रांतांच्या हवाली केली आणि त्यांसाठी एक ठोक रक्कम नेमून दिली. ती रक्कम आधीच्या खर्चापेक्षा कमी होती, आणि तूट प्रांतांनी स्थानिक कर बसवून भरावी अशी अपेक्षा होती. जबाबदारी खाली ढकलावयाची आणि पैसा मात्र वर ठेवावयाचा, ही युक्ती अशी दीडशे वर्षांची जुनी आहे. ती पुढे आपणांस पुन्हा भेटणार आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

1919 च्या सुधारणांनंतर गाडी उलटी फिरली. महसुलाची साधने वाटून दिल्यामुळे वरिष्ठ सरकारलाच तूट येऊ लागली, आणि प्रांतांनी ती वर्गणी देऊन भरावी असे ठरले. मेस्टन समितीने 983 लाख रुपयांची वाटणी केली. मद्रासवर 348 लाख, संयुक्त प्रांतावर 240 लाख, पंजाबवर 175 लाख, तर मुंबईवर 56 लाख आणि बिहार-ओरिसावर काहीच नाही. प्रत्येक प्रांत म्हणू लागला की, अन्याय माझ्यावरच झाला. मद्रास वर्गणीच्या आकड्यावरून चिडला. मुंबई प्राप्तिकराचे उत्पन्न गेले म्हणून चिडली. 1928 पर्यंत ही वर्गणी नाहीशी झाली खरी. परंतु तोपर्यंत प्रत्येक अंदाजपत्रक या भांडणाच्या छायेत मांडले गेले.

या सगळ्या ओढाताणीत अस्पृश्य माणूस कोठे होता? तो कर देत होता, परंतु वाटणीच्या बैठकीत नव्हता. बाबासाहेब मुंबई विधिमंडळात गेले तेव्हा त्यांनी हीच गोष्ट सभागृहासमोर मांडली. मार्च 1927 मध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी शिक्षणावर माणशी होणारा खर्च आणि अबकारीतून माणशी होणारी वसुली हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. दारूच्या करातून सरकार लोकांकडून जितके घेते, तितके तरी शिक्षणाच्या रूपाने लोकांस परत द्यावे, असे त्यांचे मागणे होते. त्यांनी भीक मागितली नाही. घेतलेले किती आणि दिलेले किती, असा हिशेब मागितला. आपली भूमिकाही आज हीच असली पाहिजे.

पुष्कळांचा असा समज करून दिलेला असतो की, कर देणारे वेगळे आणि योजनांचा लाभ घेणारे वेगळे. हा समज निखालस खोटा आहे. प्राप्तिकर थोडे लोक देतात. परंतु साबण, केसांचे तेल, चप्पल, औषध, सिमेंट, मोबाइल यांवरील कर खेड्यातील मजूर बाईसुद्धा देते. श्रीमंत आणि गरीब एकच साबण घेतात तेव्हा कर सारखाच पडतो. मात्र गरिबाच्या मिळकतीतून त्याचा घास मोठा असतो. तेव्हा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मान खाली घालण्याचे कारण नाही. ताकाला जाऊन भांडे कशाला लपवावयाचे?

आता कायद्याची बाजू पाहू. घटनेने सरकारी तिजोरीला दोन कुलपे लावली आहेत. पहिले कुलूप आत येणाऱ्या पैशाचे. अनुच्छेद 265 सांगतो की, कायद्याच्या आधाराखेरीज कोणताही कर बसविता येणार नाही व वसूल करता येणार नाही. दुसरे कुलूप बाहेर जाणाऱ्या पैशाचे. राज्याचा सर्व महसूल अनुच्छेद 266 प्रमाणे एकत्रित निधीत जमा होतो आणि विधानसभेने मागण्या मंजूर करून विनियोजनाचा कायदा झाल्याशिवाय त्यातील एक रुपयाही काढता येत नाही. हे अनुच्छेद 203 व 204 यांचे सार होय. खर्च नियमाप्रमाणे झाला की नाही हे पाहण्यासाठी नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमला आहे. हा अधिकारी घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत बाबासाहेबांनी 1949 साली घटना समितीत मांडले होते. कुलपे मजबूत आहेत. परंतु किल्ल्या ज्यांच्या हाती असतात त्यांच्यात घासाघीस चालते. ही घासाघीस तीन बैठकींत होते.

पहिली बैठक दिल्ली आणि राज्ये यांची. अनुच्छेद 280 प्रमाणे दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमला जातो. पहिल्या आयोगाचे अध्यक्ष के. सी. नियोगी होते. त्या आयोगाने 1952 साली ठरविले की, प्राप्तिकराच्या निव्वळ उत्पन्नापैकी 55 टक्के राज्यांना द्यावे. आणि ती रक्कम राज्याराज्यांत वाटताना 80 टक्के लोकसंख्येवर व 20 टक्के वसुलीवर वाटावी. मुंबईचे म्हणणे असे होते की, कर आमच्याकडे गोळा होतो, म्हणून वाटाही वसुलीच्या प्रमाणात द्या. गरीब राज्यांचे म्हणणे असे की, कर मुंबईत भरला जात असला तरी माल देशभर खपतो आणि घाम देशभर गळतो. सत्तर वर्षे उलटून गेली तरी वाद तोच आहे. 2000 सालच्या घटनादुरुस्तीनंतर बहुतेक सर्व केंद्रीय करांचा एकच विभाज्य साठा झाला. चौदाव्या आयोगाने त्यातील 42 टक्के राज्यांना दिले. पंधराव्याने, जम्मू-काश्मीरचे केंद्रशासित प्रदेशांत रूपांतर झाल्यानंतर, 41 टक्के दिले. पंधराव्या आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी वाटणीची जी मोजमापे लावली, त्यांत राज्याच्या दरडोई उत्पन्नातील तुटीला 45 टक्के, लोकसंख्येला 15, क्षेत्रफळाला 15, लोकसंख्या नियंत्रणाच्या कामगिरीला साडेबारा, वने व पर्यावरणाला 10 आणि करवसुलीच्या प्रयत्नाला अडीच टक्के महत्त्व होते. त्यानुसार उत्तर प्रदेशाचा वाटा सुमारे 17.9 टक्के, बिहारचा 10 टक्के, महाराष्ट्राचा 6.3 टक्के आणि कर्नाटकाचा 3.6 टक्के आला. कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी या वाटणीविरुद्ध फेब्रुवारी 2024 मध्ये दिल्लीत धरणे धरले.

महाराष्ट्रातही असाच सूर निघतो की, आम्ही कमावतो आणि इतर खातात. येथे आपण जरा थांबून विचार केला पाहिजे. जो मागे राहिला आहे त्याला अधिक द्यावे, हे तत्त्व आपण गावात सांगतो, विधानसभेत मागतो, न्यायालयात मांडतो. तेच तत्त्व बिहारच्या किंवा ओडिशाच्या मजुराच्या बाबतीत दिल्लीत नाकारावयाचे, हे आपणांस शोभणार नाही. तत्त्व आपल्या सोयीने घालावयाचे आणि काढावयाचे वस्त्र नव्हे. मात्र राज्यांची एक तक्रार रास्त आहे. केंद्राने कर म्हणून जे घेतले ते वाटावे लागते. परंतु उपकर आणि अधिभार म्हणून जे घेतले ते अनुच्छेद 270 व 271 यांमुळे विभाज्य साठ्यात येत नाही. नाव बदलले की वाटणी टळते. या प्रश्नावर बोलणाऱ्या राज्यांच्या बाजूने आपण उभे राहण्यास हरकत नाही. कारण राज्याच्या आडात पाणी नसेल तर आपल्या पोहऱ्यात ते कोठून येणार?

पहिल्या बैठकीचीच दुसरी खोली म्हणजे वस्तू व सेवा कर परिषद. 1 जुलै 2017 पासून राज्यांनी विक्रीकरासारखी आपली हक्काची साधने या सामाईक करात विलीन केली. परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयास तीनचतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे सर्व राज्ये एक झाली तरी केंद्राशिवाय निर्णय होत नाही. राज्यांनी हे मान्य केले ते एका लेखी हमीवर. 2015-16 चा महसूल पायाभूत धरून त्यात दरसाल 14 टक्के वाढ गृहीत धरावी आणि त्याहून कमी पडेल ते पाच वर्षे भरून द्यावे, असा कायदाच 2017 साली झाला. पुढे करोनाची साथ आली. भरपाईसाठी बसविलेल्या उपकराचे उत्पन्न आटले. ऑगस्ट 2020 मध्ये केंद्राने राज्यांना सांगितले की, कमी पडणाऱ्या रकमेसाठी तुम्ही कर्ज काढा. राज्यांनी विचारले, हमी तुमची आणि कर्ज आमचे कसे? अखेर काही आठवड्यांच्या ताणाताणीनंतर केंद्राने स्वतः कर्ज काढून ते राज्यांना दिले. 2020-21 मध्ये 1 लाख 10 हजार कोटी आणि 2021-22 मध्ये 1 लाख 59 हजार कोटी. फेड मात्र उपकर लांबवून लोकांकडूनच करावयाची ठरली.

मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, परिषदेच्या शिफारशी संसद व विधानसभांवर बंधनकारक नाहीत. त्यांचे मोल समजावणीचे आहे. त्याच निकालाचा आशय असा की, संघराज्यात केवळ सहकार्य नसते, विचारविनिमय आणि मतभेदही असतात. सप्टेंबर 2025 मध्ये परिषदेने दरांची फेररचना केली, आणि साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरील कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला. गृहिणीला हा दिलासाच होय. परंतु त्याच वेळी अनेक राज्यांनी विचारले की, आमचा बुडणारा महसूल कोण भरून देणार? आपण हा प्रश्न राजकारण्यांचा म्हणून सोडून देऊ नये. साबणावर वाचलेले रुपये आपणांस दिसतात. राज्याच्या तिजोरीत आलेल्या तुटीमुळे जर वसतिगृहाचे अनुदान रखडले, तर ते कोणामुळे रखडले हे मात्र दिसत नाही.

आता दुसऱ्या बैठकीकडे वळू. ती आपल्या मुलामुलींच्या थेट जिव्हाळ्याची आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा जन्म 1944 चा आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. बनारस हिंदू विद्यापीठास आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठास सरकार प्रत्येकी 3 लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी का नाही, असा प्रश्न त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांच्यापुढे ठेवला आणि 3 लाखांची तरतूद मिळविली. हीसुद्धा अंदाजपत्रकाची वाटाघाटच होती. दुसऱ्याच्या पानातील काढून घ्या, असे ते म्हणाले नाहीत. त्याच मापाने मलाही वाढा, असे म्हणाले.

स्वातंत्र्यानंतर या योजनेचा खर्च केंद्र व राज्य यांच्यात एका विलक्षण सूत्राने वाटला गेला. पंचवार्षिक योजना संपली की, तिच्या शेवटच्या वर्षी जेवढा खर्च झाला असेल तेवढा भार पुढे राज्याने कायमचा वाहावयाचा. केंद्राने फक्त त्यावरची वाढ द्यावयाची. कार्यालयीन भाषेत यास बांधील दायित्व म्हणतात. बारावी योजना 2017 साली संपली आणि त्यानंतर योजनाच बंद झाल्या. राज्यांवरील भार एकदम वाढला आणि केंद्राचा भाग घसरला. 2017-18 ते 2019-20 या काळात देशभर मिळून केंद्राची मदत वर्षाला सरासरी सुमारे 1,100 कोटींवर आली. लॉर्ड मेयो यांची युक्ती मी लक्षात ठेवा म्हणालो होतो, ती हीच. राज्ये म्हणत, दिल्लीने हात वर केले. दिल्ली म्हणे, दायित्व राज्यांचे. या दोघांच्या मध्ये आपला विद्यार्थी उभा होता. शुल्क भरले नाही म्हणून त्याची गुणपत्रिका अडत होती, परीक्षेचा अर्ज अडत होता.

राज्ये, संसद सदस्य, विद्यार्थी व चळवळीतील कार्यकर्ते यांच्या मागणीनंतर 23 डिसेंबर 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने हे सूत्र रद्द केले. केंद्राचे 60 टक्के व राज्याचे 40 टक्के, ईशान्येकडील राज्यांसाठी 90 व 10, असे प्रमाण ठरले. पाच वर्षांसाठी एकूण 59,048 कोटी रुपये आणि त्यांत केंद्राचे 35,534 कोटी मंजूर झाले. एका सूत्राच्या बदलाने केंद्राची वार्षिक मदत पाच पटींहून अधिक होऊ शकते, तर सूत्र वाचता येणे किती महत्त्वाचे आहे, याचा विचार आपणच करावा. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 1990 च्या कायद्याने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली, आणि बौद्ध झाल्यामुळे अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही. कोणी धर्मांतराचे कारण सांगून शिष्यवृत्तीचा अर्ज नाकारील, तर तो कायद्याच्या विरुद्ध वागतो आहे, असे निःशंकपणे सांगावे.

तिसरी बैठक आपल्या राज्याच्या राजधानीतील. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना 1979-80 च्या सुमारास सुरू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात विकासाचा निधी बाजूला काढावा आणि तो त्यांच्याच उन्नतीवर खर्चावा, हे तिचे तत्त्व. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण 11.8 टक्के आहे. तरतूद कागदावर त्या मानाने दिसतेही. परंतु तरतूद आणि खर्च यांत अंतर असते, आणि खर्च व उपयोग यांत त्याहून मोठे अंतर असते. मे 2025 मध्ये या राज्यात एक प्रकरण गाजले. लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याच्या अनुसूचित जातींच्या निधीतून 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास खात्याच्या निधीतून 335 कोटी 70 लाख रुपये महिला व बालविकास खात्याकडे वळविण्यात आले. सामाजिक न्याय मंत्र्यांनी स्वतः उघड नाराजी व्यक्त केली. सरकारची बाजू अशी होती की, या योजनेच्या लाभार्थींत त्या समाजांच्या भगिनीही आहेत, म्हणून हा खर्च नियमास धरूनच आहे.

या युक्तिवादाचा विचार रागाने न करता नीट करू. गरीब भगिनीच्या हाती दरमहा 1,500 रुपये पडले तर आपणांस आनंदच आहे. त्यांत आपल्याही भगिनी आहेत. परंतु प्रश्न पैसे देण्याचा नाही, कोणत्या भांड्यातून दिले हा आहे. सर्व समाजांसाठी असलेली योजना सर्वांच्या तिजोरीतून चालावयास हवी. सामान्य नागरिक म्हणून आपल्या भगिनीचा त्या तिजोरीवर इतरांइतकाच हक्क आहे. तिचा हप्ता तिच्याच मुलाच्या वसतिगृहाच्या पैशातून दिला, तर तिला दिले काय आणि तिच्याकडून घेतले काय? उजव्या हाताने काढून डाव्या हातात ठेवले, एवढेच झाले. विशेष घटक योजनेचा हेतू सर्वसाधारण लाभावर भर घालणे हा आहे. सर्वसाधारण लाभाची किंमत त्यातून वसूल करणे हा नव्हे.

या रोगावर औषध म्हणून काही राज्यांनी कायदे केले. आंध्र प्रदेशाने 2013 साली, कर्नाटकाने त्याच वर्षी आणि तेलंगणाने 2017 साली केला. तेलंगणाच्या कायद्यात खर्च न झालेली रक्कम पुढील वर्षात ओढून नेण्याची सोय आहे. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा ही मागणी जुनी आहे आणि ती योग्य आहे. तरीही कायदा झाला म्हणजे काम झाले, असे मी वकील असूनही म्हणणार नाही. कर्नाटकाच्या कायद्यात एक पोटकलम असे होते की, सर्वांसाठीच्या रस्त्या-पुलांवरील खर्चही या निधीचा खर्च मानता येई. ते पोटकलम काढून टाकण्यास 2023 साल उजाडले. आणि त्यानंतरही त्या राज्यात हमी योजनांसाठी हा निधी वापरल्यावरून वाद झालाच. कुंपण घातले तरी राखण करणारा माणूस लागतोच.

तेव्हा आपण काय करावे? मोर्चे निघतात ते बहुधा मार्चनंतर, पैसा परत गेल्यावर. खर्च न झालेली तरतूद 31 मार्चला व्यपगत होते. मग घोषणांनी ती परत येत नाही. आपले काम त्याच्या पुष्कळ आधी सुरू झाले पाहिजे. प्रत्येक विहारात दोन सुशिक्षित तरुण आणि दोन भगिनी एवढ्यांनी हे काम अंगावर घ्यावे. राज्याचे अंदाजपत्रक सादर झाले की, सामाजिक न्याय खात्याच्या मागण्यांची पुस्तिका मिळवावी. मागील वर्षीची तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे एका ओळीत लिहावेत. पहिला मोठा आणि तिसरा लहान असेल, तर आपला प्रश्न तेथेच सापडला. तो प्रश्न लेखी स्वरूपात आपल्या आमदारांकडे न्यावा. ते आपल्या पक्षाचे आहेत की नाहीत हे पाहू नये. कपात सूचना मांडण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे. उत्तर मिळाले नाही तर 2005 चा माहितीचा अधिकार आहे.

जिल्ह्यात पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन समिती बसते. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या वस्त्यांच्या विकासाची कामे तेथून मार्गी लागतात. आपल्या वस्तीचा प्रस्ताव गेला की नाही, आणि वस्तीच्या नावाने मंजूर झालेला रस्ता खरोखर वस्तीत आला की पाटलांच्या मळ्यापर्यंत गेला, हे डोळ्यांनी पाहावे. गावात तर हिशेब याहून सोपा आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावयाचे असतात. ते उत्पन्न म्हणजे आपण भरलेली घरपट्टी आणि पाणीपट्टीच. ग्रामसभेत उभे राहून विचारावे की, गेल्या वर्षीचे 15 टक्के किती झाले आणि कशावर खर्चिले? आवाज चढविण्याची गरज नाही. प्रश्न आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. एका ग्रामसभेत विचारलेला आणि लिहिला गेलेला प्रश्न शहरातील मोठ्या सभेतील दहा घोषणांपेक्षा अधिक काम करतो.

या कामात भगिनींनी पुढे यावे, अशी माझी विशेष विनंती आहे. महिन्याच्या मिळकतीत घर चालविणारी बाई कोणत्याही अर्थमंत्र्याहून अधिक काटेकोर हिशेब ठेवते. किराण्याचा पैसा औषधाला गेला तर पुढे काय होते, हे तिला पुस्तकातून शिकावे लागत नाही. निधी वळविणे म्हणजे काय, हे तिला एका वाक्यात समजते. उणीव बुद्धीची नाही. हा कागद आपल्यासाठी नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या तिच्या मनावर बिंबविले गेले, एवढेच. तो कागद तिच्यासाठीच आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, मेस्टन समितीच्या काळी वाटणीच्या बैठकीत आपणांस जागा नव्हती, आणि मतही नव्हते. आज मत आहे, आमदार आहेत, न्यायालय आहे, ग्रामसभा आहे. तरीही आपण त्या बैठकीत आकड्यांनिशी बसत नसू, तर आपला वाटा दुसरे कोणी ठरवील. आणि दुसऱ्याने ठरविलेला वाटा नेहमी उरलेल्या अन्नासारखाच असतो. उरलेले खाण्याचे आपण सोडले आहे. येत्या अधिवेशनापूर्वी या विहारातील मंडळींनी ती तीन आकड्यांची ओळ लिहून आपल्या आमदारांच्या हाती द्यावी, एवढे मागणे आपणांपुढे ठेवून मी माझे भाषण संपवितो.

जय भीम. नमो बुद्धाय.